रुळांकाठची गावे



अमेरिका म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे न्यूयॉर्कचे मनोरे उभे राहतात. फार तर शिकागोचे कारखाने. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मराठी वाचकांना त्या देशाची ओळख करून दिली. त्यानंतर आपल्याकडचे जे कोणी तिकडे जाऊन आले त्यांनी बहुधा शहरेच पाहिली आणि शहरांचीच वर्णने लिहिली. परंतु पूर्वेचा समुद्र आणि पश्चिमेचा समुद्र यांच्यामध्ये जी अफाट सपाटी पसरली आहे, तिच्यावर हजारो लहान गावे आहेत. तीनशे, पाचशे, हजार वस्तीची. एक सरळ रस्ता, एक बँक, दोनतीन देवळे – ख्रिस्ती देवळे, अर्थातच – धान्याचे एक उंच कोठार, आणि मग पुढच्या गावापर्यंत आभाळाला टेकलेली शेते. कॅन्सस, नेब्रास्का, डकोटा, वायोमिंग ह्या राज्यांतल्या अशा गावांविषयी मला आज बोलायचे आहे. विषय तुम्हाला दूरचा वाटेल. पण जी वस्ती एका कंपनीच्या निर्णयाने वसते आणि दुसऱ्या कंपनीच्या निर्णयाने उठते, तिचा इतिहास कामगारांत तीस वर्षे वावरलेल्या माणसाला परका वाटत नाही.

प्रथम एक खुलासा. ‘गाव’ हा शब्द मी सोयीसाठी वापरतो आहे. तो तिथे नीट बसत नाही. आपल्या गावाला पांढरी असते, काळी असते, शीव असते. ते केव्हा वसले हे बहुधा कोणालाच सांगता येत नाही. गाव आधी असते आणि रेल्वे, कचेरी, बँक ही सारी मागून येतात. तिकडे नेमके उलटे झाले. नकाशा आधी, मोजणीदार नंतर, मग रूळ, आणि घर बांधणारा माणूस सर्वांत शेवटी. त्या गावांना जन्मतारीख आहे, आणि पुष्कळांना मृत्यूचीही आहे.

अर्थात ती भूमी मोकळी नव्हती. लाकोटा, शायेन, पॉनी, ओसेज असे अनेक समाज तिथे नांदत होते. १८६८ सालच्या फोर्ट लॅरमीच्या तहाने लाकोटांना काळ्या टेकड्यांसह मोठा प्रदेश कायमचा म्हणून दिला गेला. १८७४ मध्ये त्या टेकड्यांत सोने सापडले आणि १८७७ मध्ये त्या काढून घेण्यात आल्या. पुढे १८८७ साली डॉज कायदा आला. जमातीची सामाईक जमीन घराघराला तोडून द्यायची आणि उरलेली बाहेरच्यांना खुली करायची, अशी ती युक्ती. मूळच्या लोकांकडे त्या वर्षी सुमारे तेरा कोटी ऐंशी लाख एकर जमीन होती. १९३४ साली चार कोटी ऐंशी लाखांच्या आसपास उरली. ज्या गावांचे कौतुक मी पुढे करणार आहे, ती सगळी ह्या हिशेबावर उभी आहेत, एवढे ध्यानात ठेवावे.

आता नकाशाविषयी. १७८५ साली अमेरिकेच्या काँग्रेसने एक कायदा केला. ओढे, डोंगर, वाटा काहीही न पाहता सगळ्या जमिनीवर चौकोन आखायचे. सहा मैल लांब, सहा मैल रुंद अशी एक टाउनशिप. तिचे छत्तीस भाग. प्रत्येक भाग ६४० एकरांचा, त्याला सेक्शन म्हणतात. सोळावा भाग शाळेसाठी राखून ठेवायचा. (ही शेवटची तरतूद मला फार आवडते. माणूस नाही, घर नाही, पण शाळेची जागा ठरलेली.) विमानातून जाणारा प्रवासी खाली जी बुद्धिबळाच्या पटासारखी शेते पाहतो ती त्या कायद्याची खूण आहे. मग १८६२ साली, घरगुती युद्ध पेटलेले असताना, लिंकनने होमस्टेड कायद्यावर सही केली. कुटुंबप्रमुखाने १६० एकर जमीन मागावी, तिच्यावर पाच वर्षे राहावे, ती कसावी, आणि नाममात्र फी भरून तिचा मालक व्हावे. सुमारे सोळा लाख लोकांना ह्या कायद्याने जमीन मिळाली. कूळकायद्यासाठी ज्यांनी मोर्चे काढले त्यांना हा कायदा स्वप्नवत् वाटेल. पण त्याच वर्षी, सहाच आठवड्यांनी, दुसरा एक कायदा झाला. समुद्रापासून समुद्रापर्यंत रेल्वे टाकणाऱ्या कंपन्यांना मैलामागे दहा सेक्शन जमीन, एक सोडून एक चौकोन, अशी बक्षीस देण्याचा. दोन वर्षांनी ते बक्षीस दुप्पट झाले. म्हणजे एक मैल रूळ टाकला की १२,८०० एकर जमीन! शेतकऱ्याला १६० एकरांसाठी पाच वर्षे थंडीवाऱ्यात काढायची होती.

कंपनीला जमीन विकायची होती, आणि गाडीत भरायला माल हवा होता. दोन्हींसाठी गावे हवीत. म्हणून कंपन्यांनी गावे काढली. वाफेच्या इंजिनाला ठराविक अंतराने पाणी लागे. शेतकऱ्याला घोडागाडीत गहू भरून स्टेशनावर यावे, माल घालावा आणि अंधार पडण्यापूर्वी घरी परतावे, एवढेच अंतर परवडे. तेव्हा सातआठ मैलांवर एक स्टेशन, आणि स्टेशन तिथे गाव, असा साधारण ठोकताळा बसला. नेब्रास्कात बर्लिंग्टन कंपनीचे रूळ पश्चिमेकडे सरकू लागले तेव्हा नावे सुचेनात म्हणून की काय, त्यांनी बाराखडीच लावली. क्रीट, डॉर्चेस्टर, एक्सेटर, फेअरमाँट, ग्राफ्टन, हार्वर्ड, इनलँड, जुनियाटा, केनेसॉ, लोवेल. इंग्रजी मुळाक्षरे ओळीने म्हणून पाहा. आजही नकाशावर ती क्रमाने दिसतात. कंपनीच्या कचेरीत बसलेल्या कोणा कारकुनाने बोट ठेवले आणि तिथे पुढे मुले जन्मली, लग्ने झाली, माणसे पुरली गेली.

गावाचा आराखडाही छापील असे. रुळांना काटकोनात एक मुख्य रस्ता. रुळांच्या कडेला स्टेशन आणि धान्याचे कोठार – त्याला तिकडे एलेव्हेटर म्हणतात, कारण धान्य यंत्राने वर चढवून साठवतात. मुख्य रस्त्यावर पंचवीस पंचवीस फूट रुंदीचे प्लॉट पाडायचे आणि लिलाव पुकारायचा. कोपऱ्यावरचा प्लॉट बँकेने घ्यायचा, मग किराणा-कापडाचे दुकान, हॉटेल, लोहार, तबेला. दुकान असे एकमजली लाकडी, पण दर्शनी भिंत उंच उभारून दोन मजल्यांचा देखावा करायचा. आणि वर्तमानपत्र! दोनशे वस्तीच्या गावात साप्ताहिक निघते ह्याचे मला प्रथम मोठे नवल वाटले. ज्ञानाची केवढी तहान, असे मनात आले. मग कारण कळले. होमस्टेडच्या जमिनीचा पक्का दाखला मागण्यापूर्वी त्याची नोटीस जवळच्या वर्तमानपत्रात छापली पाहिजे, असा नियम होता. ह्या नोटिशींच्या पैशांवर छापखाने जगत. पक्के दाखले संपले की संपादक खिळे गुंडाळून पुढच्या गावी.

गावे अशी ओळीने निघाली तेव्हा सगळी जगणे शक्य नव्हते. जिथे कौंटीची कचेरी ते गाव तगणार, बाकीची झुरणार. म्हणून कचेरीसाठी जी भांडणे झाली ती वाचताना करमणूकही होते आणि अंगावर काटाही येतो. कॅन्ससमध्ये ग्रे कौंटीत सिमारॉन आणि इंगल्स ही दोन गावे ह्या मानासाठी भांडत होती. १८८९ च्या जानेवारीत इंगल्सच्या बाजूची हत्यारबंद माणसे सिमारॉनच्या कचेरीत घुसली आणि सरकारी दप्तर उचलू लागली. गोळीबार झाला, माणूस मेला. दप्तर कोणाकडे, तर ज्याच्याकडे दप्तर त्याच्याकडे वकील, खरेदीखते, हॉटेलात उतरणारी गिऱ्हाइके, आणि कदाचित दुसरा रूळ. माणसे कागदासाठी नव्हे, पोटासाठी लढली.

ह्या सगळ्या गावांत एका गावापाशी मला थोडे थांबावेसे वाटते. त्याचे नाव निकोडेमस. १८७७ साल. दक्षिणेतून संघराज्याचे सैन्य मागे घेतले गेले आणि नुकत्याच मुक्त झालेल्या निग्रो समाजाला – आज ते लोक स्वतःला आफ्रिकी-अमेरिकन म्हणवतात, आपणही तसेच म्हणावे – जुन्या मालकांच्या हवाली केले गेले. त्याच वर्षी केंटकी राज्यात पत्रके वाटली गेली, की कॅन्ससात सॉलोमन नदीच्या काठी आपल्या लोकांचे स्वतंत्र गाव वसते आहे. एक गोरा जमीन-व्यापारी आणि एक कृष्णवर्णी उपदेशक असे दोघे गावाच्या कंपनीत प्रमुख होते. तीनशेच्या वर माणसे निघाली. रेल्वेने जिथवर जाता येईल तिथवर, आणि पुढे चालत.

पोचल्यावर पाहतात तो गाव नाही. झाड नाही, लाकूड नाही. आधी आलेल्यांनी जमिनीत बिळांसारख्या खोल्या खणलेल्या. जमिनीतून धूर निघताना दिसला आणि हेच आपले गाव असे कळल्यावर आपण रडू लागलो, असे तिथे आलेल्या एका बाईने म्हातारपणी सांगून ठेवले आहे. काही कुटुंबे दुसऱ्याच दिवशी परत फिरली. उरलेल्यांनी पहिला हिवाळा कसा काढला? शिकारीहून परतणाऱ्या ओसेज लोकांनी त्यांना मांस दिले, अशी आठवण तिथे पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. ज्यांची भूमी गेली त्यांनी, ज्यांचे श्रम चोरले गेले त्यांना खाऊ घातले.

आणि ते गाव उभे राहिले. नांगराला बैल नव्हते तिथे कुदळीने जमीन फोडली. दहा वर्षांत निकोडेमसला दुकाने होती, हॉटेल होते, शाळा होती, बँक होती, दोन वर्तमानपत्रे होती, चेंडूफळीचा संघ होता. तिथे येऊन राहिलेला एडवर्ड मॅककेब १८८२ साली कॅन्सस राज्याचा हिशेबतपासनीस म्हणून निवडून आला. गुलामगिरी सुटून वीस वर्षेही झाली नव्हती. आता एकच उणे होते, रूळ. १८८७ साली मिसूरी पॅसिफिक कंपनीने बोलणी लावली. गावकऱ्यांनी मतदान करून सोळा हजार डॉलरांचे कर्जरोखे मंजूर केले. बिळांत राहिलेल्या माणसांनी सोळा हजार डॉलर कबूल केले! कंपनी आली नाही. दुसऱ्या वर्षी युनियन पॅसिफिकचे रूळ आले ते नदीच्या पलीकडून, काही मैलांवरून. तिथे बोग नावाचे स्टेशन झाले. दुकानदारांनी दुकाने उचलली – अक्षरशः उचलली, लाकडी इमारती ओढून नेल्या – आणि नदीपलीकडे मांडली.

माझ्या वाचनात आलेल्या पुष्कळ पुस्तकांत ह्याला ‘निकोडेमसचा ऱ्हास’ म्हटले आहे. हा शब्द मला पटत नाही. ऱ्हास आतून होतो. इथे गावाने काहीही चुकवले नव्हते. १९९६ साली सरकारने त्या जागेला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून जाहीर केले. आज तिथे राहणारी माणसे अगदी मूठभर आहेत. पण दर वर्षी जुलैच्या अखेरीस पांगलेल्या कुटुंबांची मुलेनातवंडे देशभरातून तिथे जमतात. मुक्तिदिनाचा हा उत्सव एकोणिसाव्या शतकापासून चालत आला आहे.

रूळ ज्यांना मिळाले त्यांचे तरी काय झाले? शंभराव्या रेखावृत्ताच्या पश्चिमेला पाऊस साधारण वीस इंचांच्या आतच पडतो. जॉन वेस्ली पॉवेल नावाच्या सरकारी भूशास्त्रज्ञाने १८७८ सालीच अहवाल देऊन बजावले होते, की ह्या कोरड्या मुलखात चराईच्या शेतीला कुटुंबामागे २,५६० एकर हवेत; १६० एकरांत माणूस मरेल. त्याचे कोणी ऐकले नाही. उलट, जमीन नांगरली की पाऊस आपोआप वाढतो असा सिद्धान्त जमीन विकणाऱ्यांनी पसरवला. काही वर्षे योगायोगाने पाऊस चांगला झाला आणि लोकांचा विश्वास बसला. मग १८८८ च्या जानेवारीत एका उबदार सकाळी मुले शाळेला गेली असताना बर्फाचे वादळ आले. दोनशेहून अधिक माणसे गेली, त्यांत शाळेतून घरी निघालेली कितीतरी मुले. पुढे १८९० नंतर दुष्काळ पडले.

निसर्गाशी झगडून पिकवलेला गहू शेतकरी एलेव्हेटरवर आणी तेव्हा तिथे त्याची प्रत कोण ठरवी? घेणारा. कचऱ्यापोटी कडता किती कापायचा, हे कोण ठरवी? घेणारा. कर्ज बँकेचे, भाडे रेल्वेचे, भाव मिनियापोलिसच्या बाजारातला. आपल्या बाजारसमित्यांत ज्यांनी एकदा तरी पोती उतरवली आहेत त्यांना ह्यापुढे सांगण्याची गरज नाही. ह्या रागातून १८९२ साली पीपल्स पार्टी उभी राहिली. तिच्या उमेदवाराला अध्यक्षीय निवडणुकीत दहा लाखांवर मते पडली. पण मला जास्त रस आहे तो नंतरच्या, नॉर्थ डकोटातल्या लढ्यात.

ए. सी. टाऊनली हा जवसाचे पीक काढताना कर्जबाजारी झालेला शेतकरी. १९१५ साली त्याने नॉन-पार्टिझन लीग स्थापन केली. संघटना कशी बांधावी ह्याचा तो वस्तुपाठ आहे. त्याने गावातल्या चौकात सभा घेतली नाही. मोटारी घेऊन माणसे शेताशेतावर पाठवली. कारण गावचा बँकवाला, दुकानदार आणि कोठारवाला हेच त्याचे विरोधक होते. चौकात आलेला शेतकरी त्यांच्या डोळ्यांदेखत हात वर करणार नाही. वर्गणीही घसघशीत ठेवली, आणि रोख नसेल तर हंगामानंतरच्या तारखेचा चेक घेतला. आम्ही वर्गणी वसूल करणारी माणसे, तेव्हा ह्यातली खोच आम्हाला कळते. ज्याने पैसे मोजले तो सभेला येतो. फुकटचा सभासद पावसाचे निमित्त सांगतो. १९१६ साली लीगचा लिन फ्रेझियर, साधा शेतकरी, राज्यपाल झाला. १९१९ साली राज्याने स्वतःची बँक काढली आणि स्वतःची पिठाची गिरणी मंजूर केली. १९२१ साली विरोधकांनी मतदान घडवून फ्रेझियरला खाली ओढले. मुदतीपूर्वी परत बोलावलेला तो त्या देशातला पहिला राज्यपाल. परंतु बँक आणि गिरणी मोडता आली नाही. शंभर वर्षे उलटून गेली, दोन्ही चालू आहेत.

तेव्हा ह्या गावांच्या साधेपणाची, एकोप्याची जी गोड चित्रे रंगवली जातात ती मी अर्धीच मान्य करतो. एकोपा होता. कुंपणाच्या काटेरी तारेलाच टेलिफोन जोडून शेतकरी एकमेकांशी बोलत. आजाऱ्याच्या शेतात शेजारी जाऊन कापणी करून देत. पण एकोप्याला शीव असते, आणि शिवेबाहेरच्याचे काय होते ते पाहिल्यावाचून गाव कळत नाही. सिंक्लेअर लुईसने १९२० साली ‘मेन स्ट्रीट’ कादंबरीत अशा गावाचा कोंदटपणा उघडा केला तेव्हा मिनेसोटातले त्याचे सॉक सेंटर गाव चिडले. पुढे त्याला नोबेल पारितोषिक मिळाले, आणि त्याच गावाने आपल्या रस्त्यावर ‘मूळ मेन स्ट्रीट’ अशी पाटी लावली. कोंदटपणा हा तसा सोसण्यासारखा दोष. त्याहून वाईटाकडे मला वळले पाहिजे, कारण त्यात आमच्याच लोकांचे हात बरबटलेले आहेत.

वायोमिंगमधले रॉक स्प्रिंग्ज. युनियन पॅसिफिकच्या इंजिनांना कोळसा पुरवणारे खाणगाव, चोहीकडे ओसाड माळ. १८७५ साली खाणकामगारांनी संप केला, तेव्हा कंपनीने तो मोडण्यासाठी कमी मजुरीवर चिनी कामगार आणले. दहा वर्षांत खाणीत चिन्यांची संख्या गोऱ्यांच्या दुपटीहून अधिक झाली. गोऱ्या कामगारांत ‘नाइट्स ऑफ लेबर’ ह्या संघटनेचे सभासद पुष्कळ होते. ह्या संघटनेने त्या काळात स्त्रियांना आणि कृष्णवर्णीयांनाही सभासद करून घेतले होते. फक्त चिनी वर्ज्य. २ सप्टेंबर १८८५ ला सकाळी खाणीत कोणी कुठे खणायचे ह्यावरून मारामारी झाली. दुपारी बंदुका घेतलेला जमाव चिनी वस्तीवर चालून गेला. अठ्ठावीस माणसे मारली गेली, काही जळत्या घरांत. एकूणएक झोपडी जाळली. जे पळाले ते रात्रभर माळावर भटकले. कंपनीने आठवड्याभरात सैन्याच्या पहाऱ्यात त्यांना परत आणून त्याच खाणीत उतरवले. पकडलेल्या गोऱ्यांपैकी एकावरही आरोपपत्र ठेवले गेले नाही. सुटून आल्यावर गावाने त्यांचा जयजयकार केला.

कंपनीने कामगाराला कामगाराशी झुंजवले, हे खरे. पण हे एवढेच सांगून आम्हाला सुटता येत नाही. बंदूक कंपनीने झाडली नव्हती. संपफोड्याविषयी कामगाराच्या मनात जो राग असतो तो मला चांगला ठाऊक आहे. गेटवर तो राग मी हातांनी आवरला आहे. तो माणसाच्या कामावरून घसरून त्याच्या जातीवर, भाषेवर, तोंडवळ्यावर केव्हा जातो ते कळतही नाही. रॉक स्प्रिंग्जचा पुढचा भाग कमी सांगितला जातो, तो मी मुद्दाम सांगतो. बावीस वर्षांनी, १९०७ साली, ह्याच दक्षिण वायोमिंगच्या कोळसापट्ट्यात युनायटेड माइन वर्कर्स ह्या संघटनेने जपानी खाणकामगारांना बरोबरीचे सभासद करून घेतले, आणि मजुरीचा करार सर्वांना एकच झाला. पश्चिमेकडच्या बाकी संघटना त्या वेळी आशियाई कामगारांना हाकलून द्या म्हणून ओरडत होत्या. वायोमिंगच्या खाणवाल्यांना एकाएकी साधुत्व आले नव्हते. जपान्यांना बाहेर ठेवून संप जिंकता येत नाही, हे त्यांना अनुभवाने समजले.

त्याच १९०७ च्या सप्टेंबरात वॉशिंग्टन राज्यात बेलिंगहॅम येथे लाकडाच्या वखारीत काम करणाऱ्या आपल्या लोकांना, बहुतेक पंजाबी शिखांना, जमावाने मारहाण करून गावाबाहेर हाकलले. आणि सहा वर्षांनी शेजारच्या ऑरेगॉनमध्ये अस्टोरिया ह्या नदीमुखावरच्या आडगावी, फिनलंडहून आलेल्या समाजवादी कामगारांच्या सभागृहात, लाकूड गिरणीतल्या हिंदी मजुरांची ती सभा भरली जिच्यातून गदर चळवळ उभी राहिली. विदर्भातले पांडुरंग खानखोजे त्या सुमारास त्याच मुलखात शेतकीचे शिक्षण घेत होते आणि त्या चळवळीत होते. एका गावाने दार लावले, दुसऱ्या गावातल्या परदेशी मजुरांनी आपले सभागृह उघडून दिले. लहान गाव म्हणजे अमुकच, असे म्हणता येत नाही ते ह्यामुळे.

उतरती कळा कशी लागली हे थोडक्यात सांगतो, कारण ती गोष्ट नाट्यमय नाही. १८९६ पासून टपाल शेतकऱ्याच्या दारात येऊ लागले आणि खेड्यातली टपाल कचेरी बंद पडू लागली. १९१३ पासून पार्सलेही घरपोच आली. शिकागोच्या व्यापाऱ्याचे जाडजूड सूचीपत्र आले. मग मोटार आली आणि सात मैलांचा ठोकताळा तीस मैलांचा झाला. १९३० नंतर धुळीची वादळे आली. डिझेलचे इंजिन आले, त्याला पाणी नको. एक गोष्ट मात्र ह्याच काळात चांगली झाली. १९३५ साली दहा शेतांपैकी जेमतेम एका शेतावर वीज होती. खाजगी कंपन्यांना तिथे तारा नेणे परवडत नव्हते. सरकारी कर्ज घेऊन शेतकऱ्यांनी सहकारी संस्था काढल्या आणि वीस वर्षांत जवळजवळ सगळीकडे दिवे लागले. पण विजेबरोबर मोठी यंत्रेही आली, आणि एका माणसाला चौघांची जमीन कसता येऊ लागली. १९३५ साली देशात अडुसष्ट लाख शेते होती. २०२२ साली एकोणीस लाख. तिघे शेतकरी गेले म्हणजे तीन घरांतली मुले शाळेतून गेली. नेब्रास्कातल्या हेब्रन गावी १९३४ साली एका शिक्षकाने सहा जणांचा फुटबॉल काढला, कारण लहान शाळांना अकरा मुले मिळेनात. आणि त्याच राज्यात मोनोवाय नावाचे गाव आहे. २०१० च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या एक भरली. एक वृद्ध बाई. तीच महापौर, तीच कारकून, तीच गावातली खानावळ चालवणारी. दारूच्या परवान्याचा अर्ज तिने स्वतःकडेच करायचा आणि स्वतःच मंजूर करायचा. स्वतःवर कर बसवून तिने गावचे चार दिवे चालू ठेवले, आणि नवऱ्याची पुस्तके मांडून वाचनालय काढले.

सगळीच गावे अशी विझली नाहीत. नेब्रास्कातच प्लॅट नदीच्या खोऱ्यात, युनियन पॅसिफिकच्या मुख्य मार्गावर, लेक्सिंग्टन आहे. तिथला शेतीयंत्रांचा कारखाना १९८५ च्या सुमारास बंद पडला आणि गाव बसले. १९९० साली गोमांस कापून बंद डब्यांत भरणारी प्रचंड कत्तलखान्याची कंपनी आली. शिकागोचे जुने कत्तलखाने मोडून अशा कंपन्या मुद्दाम लहान गावांकडे वळल्या होत्या. गुरे जवळ, मजुरी कमी, आणि शहरातल्या जुन्या संघटनांचा ससेमिरा नाही. काम रक्ताचे, थंडीचे, वेगवान पट्ट्यावर सुऱ्यांचे. स्थानिक तरुण टिकेनात. मेक्सिको, ग्वाटेमालाहून कामगार आले, पुढे सोमालियाहूनही आले. १९९० साली साडेसहा हजारांच्या आसपास असलेले गाव दहा वर्षांत दहा हजारांवर गेले. शाळेत मुले मावेनात. मुख्य रस्त्यावरच्या पंचवीस फुटी दुकानांवर स्पॅनिश पाट्या लागल्या. स्वीडिश, जर्मन लोकांच्या नातवंडांना हे जड गेले, पण गाव जगले.

२०२५ च्या नोव्हेंबरात टायसन कंपनीने जाहीर केले, की लेक्सिंग्टनचा कारखाना जानेवारी २०२६ मध्ये बंद होईल. गुरांची संख्या घटली, धंद्यात तोटा आहे, असे कारण सांगितले. कामगार सुमारे तीन हजार दोनशे. गावाची सारी वस्ती अकरा हजारांच्या आसपास. बातमी आली ती थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या आदल्या आठवड्यात. पस्तीस वर्षांत कामगारांनी तिथे घरे घेतली होती, कर्जावर. त्या घरांना आता गिऱ्हाईक कोण?